बुडालेल्यांच्या यादीतला चाचा

आई, तुझा नवरा सापडला. सापडला म्हणायचं की नाही ते माझं मलाच अजून ठरत नाही, पण तुला सांगायला मला दुसरा शब्द नाही. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, कुणी सांगितलं? तर कॉम्प्युटरने सांगितलं. ते यंत्र काय असतं हे तुला समजावत बसत नाही, शाळेत इतकी वर्षं पोरांना समजावून माझा घसा गेला आहे. एवढंच धर की विलायतेत कुणीतरी एक मोठी यादी करून ठेवली आहे आणि ती इथे रत्नागिरीत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून वाचता येते. आयुष्यभर मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तो आपल्याला टाकून गेला की मेला? टाकून गेला असेल तर त्याला शिव्या द्यायच्या, मेला असेल तर त्याच्या नावाने फातिहा पढायची. या दोन्हीतलं काहीच धड करता येत नव्हतं म्हणून मी साठी ओलांडल्यावर हा उद्योग मागे लावून घेतला.

गाव काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे. तो चाचाबरोबर मुंबईला जहाज शोधायला गेला, चाचा आजारी पडून एकटा परत आला आणि तुझ्या नवऱ्याची पुढे खबर नाही. लढाईचे दिवस होते. मग कुणी म्हणालं बसऱ्याला दिसला, कुणी म्हणालं झांजीबारला दुकान टाकलंय, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की त्याने तिकडे दुसरी बायको केली. विहिरीवर बायका तुझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघून बोलायच्या, "कुणासाठी भरतंस गो?" आणि तू घडा भरून निघून यायचीस. मी तुझ्या मागून चालत असायची. मला वाटायचं, ही उलटून एक सणसणीत का ऐकवत नाही? घरात माझ्यावर तुझी जीभ अशी चालायची की शेजारची कोंबडी पळेल, आणि तिथे मात्र तोंडाला कुलूप. माझं पहिलं स्थळ आलं ते याच गोष्टीवरून मोडलं, आठवतं ना? "बापूस पळालेला, रक्ताचा गुण कुठे जातो" असं म्हणाले ते लोक. त्यानंतर मीच हट्टाला पेटले, लग्न नको म्हटलं, आणि तू एका शब्दाने मला समजावलं नाहीस. मी तेव्हा तेही त्याच्याच खात्यावर मांडलं.

आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. चुलीच्या बाजूला तू विळीवर बसली आहेस, नारळ खोवते आहेस, मी पाटावर. मी असेन सात-आठ वर्षांची. बाहेर चाचा येऊन गेला आहे. तो दर जुम्म्याला नमाजानंतर यायचा, पडवीच्या पायरीवर केळीच्या पानात बांधलेले मासे ठेवायचा, बांगडे नाहीतर सौंदाळे, आणि उभ्या उभ्याच विचारायचा, "बरी हाय ना पोर?" तू दाराआडून म्हणायचीस, "बरी हाय." बस, एवढंच. कधी आत आला नाही, कधी त्याने पाणी घेतलं नाही. मी तुला विचारलं, सगळ्यांचे चाचे जहाजावर जातात, आपलाच चाचा आंब्याच्या बागा राखत का बसतो, दर्याला घाबरतो काय? तू नारळाची वाटी खाली ठेवलीस. मला वाटलं आता काहीतरी सांगशील, तर माझा कान असा पिळलास की आठवडाभर त्या कुशीवर झोपता आलं नाही. "परत त्याला घाबरट बोललीस तर जीभ हासडून हातात देईन." आणि परत खोवायला बसलीस. घाबरट हा शब्द चाचाला लागला म्हणून माझा कान गेला, आणि बापाला सगळं गाव काय काय म्हणत होतं तेव्हा तुला काही नव्हतं. मी हे मनात ठेवलं. कुठेतरी मला चाचाचाही राग होता, पण तो राग धरायला माणूस तसा सापडत नव्हता. मी नोकरीला लागले तेव्हा त्याने चामड्याच्या चपला करून आणल्या. माप कसं घेतलं असेल? मी बंदरावरून चिखलातून आले होते, त्या ओल्या पावलावर त्याने गुपचूप माडाची हीर धरून मोडून घेतली होती. नंतर चाचीने हसत हसत सांगितलं. चपला पायात अगदी बसल्या. तू तेव्हा होतीस, चुलीपुढून म्हणालीस, "घाल. त्याच्या हातचा घाल." मला ते बोलणं विचित्र वाटलं होतं, पण मी नव्या नोकरीच्या घाईत होते.

आता वाचनालयाचं सांगते. निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी तिथे वर्तमानपत्र वाचायला जाऊ लागले. तिथली ग्रंथपाल बाई लांज्याकडची, माझ्याहून बरीच लहान, तोंडाने फटकळ, त्यामुळे आमचं जमलं. वाचनालयाला कुणीतरी कॉम्प्युटर भेट दिला होता. त्यावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं झाकण, आणि खोलीबाहेर पाटी, चपला बाहेर काढा. आम्ही दोघी देवळात-मशिदीत शिरावं तशा अनवाणी आत जायचो. टेलिफोनची तार काढून त्याला जोडायची, मग ते यंत्र किंचाळायचं, मग बराच वेळ काही व्हायचं नाही. तेवढ्यात कुणाचा फोन येईल म्हणून बाहेर शिपाई कुरकुरायचा. "बाई, तुमचा बाप शोधता शोधता माझी नोकरी जाणार," ग्रंथपाल म्हणायची. पण तीच हौसेने पुढे असायची. तिला शब्दकोडी सुटेपर्यंत जेवण जात नसे, त्यातलाच प्रकार.

आम्ही आधी जित्या माणसांत शोधलं, कारण माझी खात्री होती की तो पळालाच आहे. बसरा, झांजीबार, डर्बन. तिकडे स्थायिक झालेल्या कोकणी घराण्यांनी आपापल्या वंशावळी नेटवर लावल्या आहेत, त्या आम्ही एकेक उघडायचो. लोकांची नातवंडं, पणतवंडं, लग्नांचे फोटो वरून खाली हळूहळू उतरायचे, आधी छत, मग टोप्या, मग तोंडं. प्रत्येक म्हाताऱ्या तोंडाकडे मी टक लावून बघायची, यात माझं नाक आहे काय? वाचनालयातल्या जुन्या फायली, गॅझेटियर, बंदरांवरची पुस्तकं, सगळं वाचून काढलं. आपल्या गावाचं नाव एका ठिकाणी आलं, तेही तिथे खडक आहे म्हणून. वाचन कक्षात एक म्हातारा खलाशी यायचा, वर्तमानपत्रात फक्त हवामान वाचायचा. त्याला मी विचारलं, लढाईच्या काळात जहाजावर गेलेल्यांची नावं कुठे मिळतील? तो म्हणाला, "नावावर काय जातंस बाय? नावाला तेव्हा काय किंमत होती?" आणि मग त्याने नळीचं सांगितलं. जहाजावरच्या चाकरीचे कागद पत्र्याच्या नळकांड्यात घालून ठेवायचे, म्हणून त्या कागदांनाच सगळे नळी म्हणायचे. नळी असेल तर जहाज. एखादा आजारी पडला, कुणाच्या घरी लग्न निघालं, तर त्याच्या नळीवर भाऊ जायचा, मेव्हणा जायचा. माणसं भरणारा सारंग आपल्याच खाडीचा असायचा, तो डोळे मिटून घ्यायचा. "गोऱ्याला आपण सगळे एकच," म्हातारा म्हणाला, आणि परत हवामान वाचायला लागला. मी मान हलवली. माझ्या बापाला कुठली नळी, तो कधी जहाजावर चढलाच नव्हता, असं माझ्या मनात आलं आणि मी ते सोडून दिलं.

मेलेल्यांत बघायचं ग्रंथपालने काढलं. "बाई, रागावू नका, पण तुम्ही एवढी जिती माणसं बघितली, आता एकदा दुसऱ्या बाजूला बघूया." लढाईत बुडालेल्या खलाशांची ती यादी. बापाचं नाव घातलं, नाही. दुसऱ्या तऱ्हेने घातलं, नाही. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मेला नाही म्हणजे पळाला, आणि इतकी वर्षं मी धरलेला राग फुकट गेला नाही. मग तिने नुसतंच जिल्ह्याचं नाव घालून बघितलं, आणि आई, नावं संपेनात. केळशीचा अमका, अमक्याचा मुलगा. वेळणेश्वरचा. पावसचा. जयगडचा. जहाजाची भट्टी पेटवणारा, कोळसा टाकणारा, जेवण करणारा भंडारी, सारंग. सगळ्यांची नावं ओळखीची वाटावीत अशी, प्रत्येक नावाचा एक तरी पोरगा माझ्या वर्गात बसून गेलेला. मी काही न वाटता वाचत होते, हजेरी घ्यावी तशी. आणि मग आपलं गाव आलं, त्यापुढे चाचाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जहाजाचं नाव, बुडाल्याची तारीख.

"हा कोण?" ग्रंथपालने विचारलं. मी हसले. म्हटलं, अगो हा माझा चाचा, माझ्या लहानपणी दर जुम्म्याला आमच्या पायरीवर उभा असायचा. ही तर आमच्या गावची जुनी गंमत आहे, थांब सांगते. आणि मी ती गोष्ट सांगायला लागले, जी मी लग्नाकार्यात, शिक्षकांच्या सहलीत कितीदा सांगितली असेल. चाचाला जहाज मिळालं होतं, पण ऐन वेळी मुंबईत त्याला हिवताप झाला, तो हाडांचा सापळा होऊन गावी आला. कंपनीने नाव खोडलं नाही. जहाज बुडालं. चाचा आंगणात बसून पेज जेवतोय आणि पोस्टमन त्याच्या बापाच्या नावाचं इंग्रजी पत्र घेऊन येतो. मास्तर वाचून दाखवतो, कळवण्यास दुःख होते की आपला मुलगा जहाजासह बुडाला. आणि चाचा म्हणतो, मग ही पेज कोण जेवतोय? सगळं आंगण हसतंय! ग्रंथपाल टेबलावर हात आपटून हसायला लागली. मी पुढचं नेहमीसारखंच म्हटलं, आणि माझी आई तर पडवीच्या खांबाला धरून एवढी हसली, एवढी हसली, की डोळ्यांतून घळाघळा पाणी, पदर तोंडात कोंबून आत पळाली, दोन दिवस बाहेर आली नाही, लोक म्हणायचे हिला हसण्याने आजारी पाडलं.

इथे मी थांबले. तू कधी हसायचीस आई? मी तुझ्याबरोबर एवढी वर्षं राहिले, तुला नुसतं मोठ्याने हसतानाही मी ऐकलेलं नाही. गोष्टीतली तू मी कधी तपासलीच नव्हती, लोकांनी सांगितली तशी पुढे सांगत आले. ग्रंथपाल अजून डोळे पुसत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, काय झालं? चहा सांगू?" मी हो म्हटलं. चहा आला, मी बिस्किट बुडवून खाल्लं. मला काही झालं नव्हतं. हातपाय जागेवर होते. फक्त कुणी माझ्याशी बोललं की ते भिंतीपलीकडून बोलल्यासारखं ऐकू येत होतं, आणि ते बरेच दिवस तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी एस्टीने गावी गेले. चाचा जाऊन खूप वर्षं झाली, पण चाची आहे. नव्वदीला आली असेल, कान शाबूत, दात एक नाही. पडवीत बसून आमसुलं उलटी करत होती. मी शेजारी बसले, मीही उलटी करायला लागले. मग विचारलं, "चाची, चाचाच्या नळीवर कोण गेलं होतं?" तिचे हात थांबले नाहीत. "कुणी सांगितला तुला?" म्हटलं, कुणी नाही, बुडालेल्यांत चाचाचं नाव बघितलं. "दिसणारच," ती म्हणाली. "गेला नाय त्याचाच दिसणार." आणि मग तिने सगळं सांगितलं, आमसुलं करता करता. मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत चाचा तापाने फणफणलेला, जहाज सुटायला आलेलं, जागा जाणार. तुझा नवरा म्हणाला, तू पडून राहा, एक फेरी मी मारतो, आलो की नळी तुझी तुला. बाहेर कळू द्यायचं नव्हतं, म्हणून चाचा गावी येऊन सांगत राहिला की तो जहाज शोधतोय. खरं फक्त तुला, चाचाला आणि चाचीला माहीत. आणि मग पत्र आलं. "पेज जेवतोय कोण, असा चाचा बोलला होता ना?" मी विचारलं. "कसला बोलतोय! त्याच्या हातातून पेजेचा वाडगा पडला. ता लोकांनी मागाहून लावला."

चाचा त्याच दिवशी आपल्या दाराशी आला होता म्हणे. तुला म्हणाला, मी ठाण्यावर जातो, सांगतो मी जिता आहे, मेला तो दुसरा. आणि तू काय म्हणालीस ते चाचीने मला तुझ्याच आवाजात सांगितलं, इतक्या वर्षांनी. "लढाई चालू हाय. दुसऱ्याला नळी दिली म्हणून तुला सोडतील काय ते? तुझी पोरं चार हायत, माझी एक. एक मी वाढवीन. चार मी वाढवणार नाय." हे तूच म्हणालीस यात मला शंका नाही, दुसरं कोण असं बोलणार?

मी विचारलं, "बरं, आणि लढाई संपल्यावर? मी मोठी झाल्यावर?" चाची पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "बोलायचा राहिला की राहतो गो. हा काय कमी वेळा निघाला? दर जुम्म्याला घरातून निघताना मना बोलायचा, आज पोरीला सांगून टाकतो. मासे ठेवून परत यायचा." मग तिने मला जेवायला वाढलं. मी जेवले, कोकमाचं पाणी प्याले, परत येताना एस्टीत खिडकीजवळ जागा मिळाली.

आता मला नीट दिसतं. नवरा मेल्यावर बाईने बसायचं त्या इद्दतीत तू बसली नाहीस, कारण बसली असतीस तर गावाने विचारलं असतं, खबर कुठून आली? म्हणून विधवा असून बांगड्या भरत राहिलीस, आणि पळालेल्याची बायको म्हणून जे ऐकायचं ते ऐकत राहिलीस. चाचाची चार पोरं त्यावर वाढली. त्यातला एक माझ्याच शाळेत क्लार्क होता, रोज मला सलाम करायचा. हे सगळं मोठं आहे, मला कळतं. कुणी दुसऱ्या बाईचं सांगितलं असतं तर मी तिच्या पाया पडले असते. पण आई, ते तू मलाही ऐकू दिलंस. माझं स्थळ मोडलं तेव्हा तू तिथेच, ओटीवर बसली होतीस. एका वाक्याचं काम होतं. मी कुणाला सांगितलं नसतं, मी तुझीच मुलगी, माझ्याही तोंडाला कुलूप लागलं असतं. एका भल्या माणसाला मी जन्मभर हरामखोर म्हटलं, आणि तू ऐकत भाकऱ्या थापत राहिलीस. मला तुझा राग यायला हवा. मी वाट बघते आहे, येत नाही. रडूही येत नाही. बाजारात जाते, औषधं घेते, टीव्हीवर बातम्या बघते, आणि सगळं आपलं पुढे चाललेलं असतं.

ग्रंथपालला मी सगळं सांगितलं, तिने एवढं केलं होतं तर लपवण्यात अर्थ नव्हता. तिने खुर्ची यंत्राकडे ओढली. मग म्हणाली, "बाई, त्या साईटवर सोय आहे, घरच्यांनी कळवलं तर दुरुस्त करतात. चाचांचं नाव काढून वडिलांचं घालतील. लिहूया?" तिने ते पानही उघडलं, मी इंग्रजीत दोन ओळी सांगितल्या, आणि मग म्हटलं, नको, राहू दे. का ते विचारू नकोस, मला सांगता येत नाही. चाची अजून आहे, एवढं एक कारण मी ग्रंथपालला दिलं. ते तिला पटलं.

हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. यादीत दिलेली तारीख आली त्या दिवशी मी घर झाडलं, ऊद लावला, शिरा केला आणि फातिहाला बसले. त्याच्या नावाने पहिली. तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. नाव घेतलं की समोर तोंड यावं लागतं ना कुणाचं तरी. त्याचं मी पाहिलेलंच नाही, आणि फोटो तू ठेवला नव्हतास. चाचा आला. मी पुन्हा नाव घेतलं, मोठ्याने, पोरांना दटावावं तसं. पुन्हा चाचाच, उभा, आत न येता. मग मी नाव घ्यायचं सोडलं आणि तशीच फातिहा पुरी केली. एवढंच तुला सांगायचं होतं, बाकीचं तर तुला माहीतच होतं.